कमळीच्या मनगटातली काळी रेघ

सांगतो, पण एक अट आहे. कपातला चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही, ठसका लागेल. आजवर माझ्या हातून गाढवपणा पुष्कळ झाला, पण हा सगळ्यांत मोठा. आणि तो शिकलेला होतो म्हणून झाला हो! अडाणी असतो तर सुखरूप सुटलो असतो.

पुण्याला तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं आणि पेन्शन घेऊन सोलापुरात मुलाकडे येऊन राहिलो. रिकाम्या माणसाला काळजीचं व्यसन लागतं. मी शरीरशास्त्राचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ मागवला आणि जो रोग वाचेन तो मला व्हायला लागला! सूनबाई म्हणाली, "मामंजी, ते पुस्तक तेवढं माळ्यावर टाका." टाकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

एके दिवशी माझी नात कमळी, वय वर्षं नऊ, परसातल्या पेरूवरून पडली. मनगट टरारून सुजलं. तेवढ्यात गंगव्वा आली. बाळीवेशीतली ही म्हातारी कमळीच्या तान्ह्या भावाला न्हाऊ घालायला रोज यायची. आमच्या आळीतली निम्मी पोरं तिच्याच हाताखालून गेलेली, कमळीसुद्धा. तिने मनगट धरलं, डोळे मिटले आणि बोटं फिरवली.

"मोडलं न्हाय. मुरगळलंय. आंबेहळद लावा की, चार दिसात पोरगी परत झाडावर!"

"हे तुला कसं कळलं?"

"बोटास्नी कळतंय की, अप्पा."

बोटांना कळतं! मला सांगा, तर्कशास्त्राच्या माणसाला हा पुरावा चालेल का?

गावात तेव्हा एक्स-रेचं यंत्र नुकतंच आलं होतं, तेही माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या दवाखान्यात. त्याने तुलनेसाठी म्हणून कमळीच्या दोन्ही हातांचे फोटो काढले. तोच बार्शीहून कुणा अत्यवस्थ रोग्याचं बोलावणं आलं. "सर, उद्या सकाळी बघून घरी येऊन सांगतो. तोवर काळजी करू नका," म्हणाला आणि गेला.

काळजी करू नका! मला!

संध्याकाळी मी कंपाउंडरच्या मागे लागून दोन्ही फोटो घरी आणले आणि खिडकीशी धरले. बघतो तर काय? दुखऱ्या मनगटाच्या हाडातून आडवी काळी रेघ! हाडाचं टोक एकीकडे, हाड दुसरीकडे. घाईघाईने दुसऱ्या हाताचा फोटो धरला. तिथेही रेघ! अगदी त्याच जागी!

आता इथे साध्या माणसाला शंका आली असती. मला आला सिद्धान्त. दोन्ही हात, एकच जागा, एकसारखं मोडणं. म्हणजे कारण एकच. दोन्ही हात कुणी ओढले? पेरूने नव्हे! जन्मल्यापासून तेल चोळून चोळून कुणी ताणले? गंगव्वाने!

रात्रभर कमळीचे दोन्ही हात माझ्या आखायच्या दोन लाकडी पट्ट्यांना बांधून ठेवले. ती कुरकुरत होती, "आजोबा, हा हात दुखत नाही हो!"

"तुला काय कळतंय? तो मोडलाय!"

सकाळी गंगव्वा तेलाची वाटी घेऊन अंगणात पाऊल टाकते न टाकते तोच मी फोटो नाचवत ओरडलो, "चालती हो! माझ्या नातीचे दोन्ही हात मोडलेस तू!"

आळीतल्या बायका धावत आल्या. मीही सुटलोच. प्रत्येकीला फोटो दाखवला. त्या आपापल्या पोरांची मनगटं चाचपायला लागल्या. एक म्हणाली, "तरीच आमच्या बंड्याचा पाय तिरका पडतो!" दुसरी म्हणाली, "बाई गं, उद्यापासून आमच्याकडं नको हिला!"

गंगव्वाने वाटी खाली ठेवली. तिचा चेहरा अगदी उतरला होता.

"अप्पा, चाळीस वर्सं ह्याच हातांवर जगले. पोरीची हाडं मोडली आसतील तर परत कुनाच्या लेकराला हात लावनार न्हाय. पर मोडली नसतील तर?"

"तर तू म्हणशील ते करीन!" मी म्हणालो. काय हो, मला नेहमी बोलून झाल्यावरच का शंका येते?

तेवढ्यात डॉक्टर आला. कमळीच्या पट्ट्या बघून दारातच थबकला. मी फोटो त्याच्या नाकासमोर धरला.

"सर, मोडलंय कुठे?"

"ही काळी रेघ दिसत नाही?"

"दिसते ना. या वयात ती असायलाच हवी." बिचाऱ्याने हसू मिशीखाली दाबलं. "लहानपणी हाडाचं टोक वेगळं असतं. मधे मऊ कूर्चा असते, ती फोटोत उमटत नाही. तिथेच हाड लांब होत जातं. वाढ पुरी झाली की टोक सांधून एक होतं. म्हणून तर दोन्ही हातांत सारखी रेघ आहे. मनगट नुसतं मुरगळलंय."

"अशक्य! माझ्या ग्रंथात असं काही नाही!"

"बघू ग्रंथ."

मी तोऱ्यात आणून दिला. त्याने पानं चाळली, थांबला आणि सूनबाईला म्हणाला, "वहिनी, जरा सुरी देता?"

तुम्हाला ठाऊक आहे, विलायती ग्रंथांची पानं कडेला जोडलेली येतात, ती आपण फाडून वाचायची. त्याने आळीतल्या वीस बायकांच्या देखत चर्रचर्र करत एक अख्खं प्रकरण मोकळं केलं. मथळा होता, 'हाडांची वाढ'. तीन वर्षं ग्रंथ माझ्या उशाशी होता! रोगांची पानं तेवढी मी फाडली होती.

गंगव्वाने विचारलं, "म्हंजी तान्ह्या लेकराच्या टाळूवानीच की वो? टाळूबी आदी उघडी आस्ती, मंग भरून येती."

"अगदी तसंच, मावशी."

"अय्यो, मग ह्याला येवढं बुक कशाला?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बंड्याची आई सगळ्यांत मोठ्याने. मी चाचरत म्हणालो, "चुकलो, गंगव्वा. काय करू सांग."

"खाली बसा."

बसलो. पाटावर, अंगणात, सगळ्यांसमोर. तिने माझी पगडी उतरवून कमळीच्या हातात दिली, टकलावर तेल ओतलं आणि अंगठ्याने मधोमध दाबून दाबून बघायला लागली.

"काय बघतेस गं?"

"उघडी हाय का बघतीया." मग बायकांकडे वळून तिने मान हलवली. "न्हाय वो. ह्यांची कवाच बंद झाली. आता आत काय बी जात न्हाय!"

आणि उठून बाळाला न्हाऊ घालायला गेली.

हसलात ना? ठसका लागला? लागू दे. पण खरं सांगू, एकटा असलो की मी अजून पगडी काढून तिथे दाबून बघतो.