आभारांनंतर जेवण

आमचे भावोजी, म्हणजे माझे थोरले दीर, चष्मेवाले. दुकानात त्यांच्या तोंडात नुसती साखर. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढला रे चढला, की आरसा पुढे धरून म्हणणार, "वा! शोभतोय हं तुम्हाला." नाक कसंही असो. घरी येताना मात्र ही साखर ते दुकानातच कुलूप लावून ठेवतात. त्यांच्या लेकीला, माझ्या पुतणीला, दुसरीत असताना चष्मा लागला. फ्रेम यांनी स्वतः बसवून दिली, आणि म्हणाले काय? "सांभाळ. पाडू नकोस." बस्स! पोर आरशासमोर वाट बघत उभी राहिली होती, मी तिथेच होते.

आमच्या वारसा मंडळाचं वर्षातून एकदा जेवण असतं. आधी सभा, मग पडद्यावर चित्रं दाखवत पाहुण्यांचं व्याख्यान, मग आभार. एकदा आभार चालू असतानाच सगळे ताटांकडे पळाले, तेव्हापासून नियमच झाला: आभार संपल्याशिवाय पातेल्यांची झाकणं उघडायची नाहीत. आभार मानायचे ते भावोजींनीच. पाहुण्याला हरभऱ्याच्या झाडावर असं चढवतात, की बिचाऱ्याला खाली उतरायला वाट सापडत नाही.

यंदा पाहुणी आमची पुतणीच. जुन्या इमारतींच्या छतांवरची काजळी काढून ती त्याखाली दडलेली चित्रं दुरुस्त करते. दुकानात न बसता तिनं हे काम धरलं, तेव्हा भावोजी म्हणाले होते, "शेवटी जळमटंच काढणार ना?" तिला ते लागलं. अजून लागलेलंच आहे.

सभेआधी पडद्याची वायर जोडता जोडता ती मला म्हणाली, "काकू, मी यायला हो का म्हटलं, माहितीये? आभार मानणाऱ्याला पाहुण्याबद्दल चांगलं बोलावंच लागतं. आज बाबांची सुटका नाही."

"वेडी आहेस झालं," मी म्हटलं.

तिनं एका जुन्या नाट्यगृहाचं छत दाखवलं. आधी सगळं काळंकुट्ट. मग कापसाच्या बोळ्यानं टीचभर पुसलेला एक कोपरा, आणि त्यात एक निळा पंख. लोक खुर्चीत पुढे सरकले. भावोजी मान खाली घालून आपला चष्मा पुसत बसलेले. अस्सा राग आला मला! जन्मभर काचाच पुसल्या ना, आज तरी वर बघा की!

मग ते आभाराला उठले. अध्यक्षीणबाईंचे मानले, दिवेवाल्याचे मानले, आचाऱ्याचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, अगदी दारावरच्या पहारेकऱ्याचेही. आणि "धन्यवाद" म्हणून खाली बसले. आचाऱ्यानं झाकणाला हात घातला.

"अहो, पाहुण्या राहिल्या!" अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"घरच्यांचे कुठे आभार मानतात?" भावोजी बसल्या जागेवरून म्हणाले. सगळे हसले.

पुतणी हसली नाही. ती उठून उभी राहिली. "मंडळानं मला पाहुणी म्हणून बोलावलंय, बाबा. झाकणं नाही उघडायची अजून."

आचाऱ्यानं हात मागे घेतला. भावोजी परत उठले, माईक हातात घेतला आणि नुसतेच उभे राहिले. या माणसाला शब्द सापडत नाहीत, हे मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच बघत होते. पडद्यावर तो निळा पंख तसाच होता. त्यांनी तिकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं.

"शोभतंय हं," ते म्हणाले. "तुला हे काम... शोभतंय."

तिनं डोळे पुसायला चष्मा काढला. तो बोटांतून निसटायला लागला.

"सांभाळ," भावोजी माईकमधूनच म्हणाले. "पाडू नकोस."