बॅटरीत राहिलेले सेल

मंडळी, एक सल्ला पाहिजे.

आज दुपारी थोरले भाऊ ज्वारी काढायला जमिनीतल्या पेवात उतरले अन् त्यांचा आवाजच बंद झाला. कंदील आत सोडला, तर कोंडलेल्या हवेनं विझला.

मी पळत घरी गेलो. मामांनी हैदराबादेहून आणलेली, गावातली एकुलती एक बॅटरी पेटीतून काढली. पेटली न्हाई. आत सेल फुटून चिकटलेले. आईनं ते दिवाळीपासून काढू दिले न्हाईत. म्हणायची, "रिकामी वस्तू ठेवू न्हाई."

शेवटी वहिनीनं आरशानं ऊन आत पाडलं. उजेडात भाऊंनी आत सोडलेला दोर कसाबसा धरला, आम्ही ओढलं.

आता ते झोपलेत. मी उठून उठून त्यांचा श्वास बघून राह्यलो.

आईनं फुटके सेल काढून बॅटरी घासूनपुसून ठेवली. आत ज्वारीचे दोन दाणे टाकलेत. सांगा, तिला काय बोलू?