क्लिअरचा दिवस

माझ्या सासरी महिन्यातून दोनतीनदा झाडू लपवला जायचा. लपवणारे माझे सासरे. आमच्या भागात सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात, तशी मीही म्हणायचे. लग्न होऊन सिंदेवाहीजवळच्या त्या गावात आले आणि त्याच आठवड्यात सोमवारी झाडू सापडेना. नवी सून, अंगण न झाडता बसणार कशी? शेजारच्या वच्छलाबाईंचा झाडू मागून आणला आणि अंगणात वाकले, तर मामाजी मागच्या सपरीच्या, म्हणजे पडवीच्या, दारात दोन्ही हात पसरून उभे. "बाई, हात नोको हालवू. आज क्लिअर हाये." मला वाटलं, क्लिअर हा इकडचा एखादा सण असावा.

सणच होता एका अर्थी. मामाजींनी उभा जन्म चंद्रपूरच्या एका गॅरेजात ट्रक रंगवण्यात घालवला आणि म्हातारपणी ते लाकडाच्या मासोळ्या रंगवू लागले. शिवणीच्या लाकडाची बोटभर मासोळी, पोटात शिसं, खाली दोन गळ. तलावात फेकून ओढली की जिवंत मासोळीसारखी वळवळते आणि मरळ तिच्यावर झडप घालते. रंग वाळला की वरून काचेसारखा चकचकीत थर द्यायचा, तो क्लिअर. तो ओला असताना धुळीचा एक कण बसला तरी कायमचा बसतो. म्हणून त्या दिवशी आमच्या घरी झाडू नाही, पंखा नाही, अंगणात कोंबडी नाही. फोडणीसुद्धा नाही, कारण तेलाचा धूर. सोमवारी आम्ही सकाळचा वरण-भात रात्री खायचो.

सोमवारच का, तर माझे पती मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवायचे. मंगळवारी पार्क बंद, म्हणून ते सोमवारी दुपारची फेरी दुसऱ्याला देऊन मोटारसायकलनं घरी यायचे. मंगळवारी संध्याकाळी बापलेक नव्या मासोळ्या घेऊन तलावावर. बापानं रंगवायचं आणि मुलानं पाण्यात फेकून पास-नापास करायचं, असा करार होता. मुलगा नापास फार करायचा. मामाजी तेवढ्यापुरते रुसायचे आणि बुधवारी पुन्हा लाकूड घासायला बसायचे.

त्यांचं सगळं सामान जुगाडाचं होतं. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर रंगाची लहानशी पिचकारी चालायची. खवले काढायला मच्छरदाणीचा तुकडा. तो मासोळीवर ताणून, चिमटे लावून वरून रंग मारायचा. जाळी उचलली की अंगभर खवले. डोळा मात्र खिळ्यानं. मोठ्या खिळ्याचं डोकं पिवळ्या रंगात बुडवून एक ठिपका, तो वाळला की लहान खिळ्यानं त्यात काळा. ठिपका देताना ते श्वास धरून ठेवायचे आणि बघणाऱ्यानंही धरावा अशी अपेक्षा असायची. मी एकदा शिंकले, तर ती मासोळी तिरळी झाली आणि दोन दिवस ते तिला माझ्या नावानं हाक मारत होते.

"आपल्या डोळ्यानं नोको पाहू," ते म्हणायचे. "मरळ खालून पाह्यते. तिच्या डोळ्यानं पाह्य." म्हणून रंगवलेली मासोळी ते डोक्यावर धरून, मान उलटी करून उन्हात बघायचे. नागपूरचा एक हौशी माणूस सहा मासोळ्या घेऊन गेला आणि त्यानं त्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवल्याचा फोटो पाठवला. माझ्या पतींना वाटलं, म्हातारा खूश होईल. म्हातारा दिवसभर जेवला नाही. "पान्यातच नाई जायच्या होत्या तर मी एवढं क्लिअर कायले मारलं?"

पावसाळ्यात क्लिअर बंद. हवा ओली असली की थर दुधासारखा पांढरा पडतो. मग चार महिने ते नुसतं लाकूड कोरत बसायचे आणि चिडचिड करायचे.

आमच्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. थंडीतला सोमवार होता. मामाजींनी सकाळी सोळा मासोळ्यांना क्लिअर मारून सपरीतल्या तारेवर टांगल्या होत्या. दुपारी तीनच्या सुमाराला दोन माणसं आली. त्यांनी अंगणाबाहेरच चपला काढल्या तेव्हाच काही तरी झालं आहे हे मला कळलं. रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं होतं. माझे पती दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले होते.

मग गाव आलं. अंगण माणसांनी भरलं, गाड्या आल्या, सपरीतही लोक बसले. मी रडले नाही. नंतरही नाही. बायका म्हणत, हिला धक्का बसला आहे, हिला रडवा. मला काहीच होत नव्हतं. कोणी पाणी दिलं की पीत होते, कोणी ऊठ म्हटलं की उठत होते. मामाजी खांबाला टेकून बसलेले. तेही रडले नाहीत, पण पुरुषाला ते कोणी विचारलं नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मामाजींनी तारेवरच्या मासोळ्या काढून माझ्यासमोर पाटीत ठेवल्या. सोळाच्या सोळांवर धूळ गच्च बसली होती. एकीवर कुणाच्या तरी बोटाचा ठसा होता, रेघन्‌रेघ दिसेल असा. मला वाटलं, ते त्या फेकून देतील. त्यांनी रंग घासायच्या पाणीपेपरचा एक तुकडा भिजवला आणि माझ्या हातात दिला. तोवर मला त्यांनी त्या सामानाला हात लावू दिला नव्हता.

"कागद ओला ठेव," ते म्हणाले. "डोळ्याजवळ हळू."

आम्ही चार दिवस घासत होतो. धूळ निघेपर्यंत घासायचं आणि रंग लागायच्या आत थांबायचं, एवढंच डोक्यात. त्या दिवसांत मला जेवढं काही कळत होतं, ते बोटांना कळत होतं. एका मासोळीवर माझा हात थांबला नाही. क्लिअर गेलं, खवले गेले, खालचं लाकूड दिसायला लागलं. मी ती तशीच हातात धरून बसले. मामाजींनी ती घेतली, बघितली. "लाकूड दिसलं ना, मंग पह्यल्यापासून," एवढं म्हणून बाजूला ठेवली. त्या चार दिवसांमुळे मी वेडी झाले नाही असं मला आज वाटतं. तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

उन्हाळ्यात माझ्या नावाची ऑर्डर आली. लग्नाआधी मी नर्सिंग केलं होतं, अर्ज केव्हाचा पडला होता. गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पलीकडे एका उपकेंद्रावर नेमणूक. रोज जाऊन येण्यासारखं नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे मी गेले की म्हातारा एकटा, आणि मी राहिले की माझं आयुष्य त्या अंगणात. गावाचा निकाल ठरलेलाच होता: चांगली सून असेल तर राहील.

"जाचं हाये का?" मामाजींनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

त्यांनी हातातली मासोळी खाली ठेवली. "मले एकट्याले इथी करमणार नाई. खोटं कायले सांगू? पण मले करमावं म्हून तू बसून राह्यली, तर तुह्या तोंडाकडे पाहून मले जेवन नाई जाणार. जाय."

"लोक नावं ठेवतील."

"लोकाइचं मी पाहून घेतो."

मी गेले. सुट्टीत, दिवाळीला घरी यायचे. गावातल्या बायका माझ्याशी फार मायेनं वागायच्या. कुणी पापड द्यायचं, कुणी पाठीवरून हात फिरवायचं. पतीच्या आठवणीनं असेल असं मला वाटे. मामाजींच्या सपरीत मात्र पूर्वीसारखं कुणी बसलेलं दिसेना. सकाळी चहाच्या टपरीवर जाणंही त्यांनी सोडलं होतं. विचारलं तर म्हणायचे, "लोकाइले आता फुरसत नाई." फोनवर ते रंगाबद्दल बोलायचे. हिरवा नीट बसला नाही, नवं हार्डनर कुचकामी आहे, एवढंच. मीही पेशंटबद्दल बोलायचे. अशी तीन वर्षं गेली.

यंदा होळीच्या आधी मामाजी झोपेतच गेले. मी आले, सगळं केलं. पुन्हा अंगण भरलं. वच्छलाबाई माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मोठ्या मनाची वं बाई तू. त्यानं तुले घरातून काढून देल्लं, तरी तू सनासुदीले येत राह्यली, अन् आता त्याचं कराले आली."

मी म्हटलं, "कुणी काढलं?"

मग त्यांनी सांगितलं. मी गेले त्याच दिवशी मामाजी टपरीवर जाऊन सगळ्यांसमोर बोलले होते, की पोरगा राहिला नाही, सून ठेवून काय करू, मीच काढून दिली. वच्छलाबाई भांडायला घरी आल्या तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं. तेव्हापासून अर्धं गाव त्यांच्याशी बोलत नव्हतं. माझं मन दुखू नये म्हणून माझ्यासमोर कुणी विषय काढला नव्हता.

तीन वर्षं. माझ्या नावाला कुणी बोल लावू नये म्हणून त्या माणसानं गावभर स्वतःचं नाव घालवलं आणि मला फोनवर हिरव्या रंगाचं सांगत राहिला. एवढी माया मला माझ्या बापानंही दिली नाही, हे मी आज लिहून ठेवते. त्या अंगणात मात्र मला फक्त खरं सांगायचं होतं. मी मोठ्यानं म्हणाले, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं, "त्यांनी मला काढलं नाही. मी माझ्या पायानं गेले. त्यांनी मला जा म्हटलं, पण माझ्यासाठी म्हटलं."

मी पुन्हा एकदा सांगितलं. वच्छलाबाईंनी माझा हात आपल्या हातात घेतला.

"राहू दे वं बाई," त्या म्हणाल्या. "आता तर तो गेला. आता त्याचं कायले झाकून राह्यली?"