मोकळं टोक

इकडे परदेशात, टाकानिनीत, आमच्या शेजारी सेमिसी राहतो. मूळचा टोंगा बेटांवरचा, साठीला टेकलेला, दारात उभा राहिला तर दार भरून जाईल असा गडी. दोन वाचनालयांसमोर त्याची शिल्पं आहेत. लोखंडी खांब, आणि त्यांवर तपकिरी-काळ्या दोरीची तिरपी वीण. दोरी म्हणजे आपला काथ्याच, पण हातानं वळून बारीक वेणी घातलेला. त्यांच्याकडे पूर्वी घराला खिळा नसे. तुळई खांबाला या दोरीनं बांधत, आणि बांधता बांधता नक्षी उमटे.

मी गावी बाजा विणायचो, चांगल्या विणायचो. त्याच्या गॅरेजात पहिल्या दिवशी शिरलो तो अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

त्याचे वडील मोसेसे तिथंच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बांधत असत. एक वीण त्यांच्या घराण्याची होती आणि आता ती एकट्या म्हाताऱ्याच्या बोटांत उरली होती. शिकवायची त्यांची रीत न्यारी. बांधायचं, शेवटी गाठ मारायची नाही, टोक नुसतं आत खोचायचं आणि म्हणायचं, "उकल." एकेक वेढा उलटा सुटत जातो तसा हात शिकतो.

सेमिसी म्हणायचा, "हे प्रदर्शन होऊ दे, बाबा."

पंधरा वर्षं कुठलं ना कुठलं प्रदर्शन होतंच.

शेवटी थरथरत्या बोटांनी म्हाताऱ्यानं दोन आडव्या लाकडांवर ती वीण बांधली. त्याला तीन महिने लागले. "आता माझ्यानं पुन्हा होणार नाही. उकल."

सेमिसीनं ती आधी प्रदर्शनात मांडायची ठरवली. उघड्यावर, खारा वारा, पाऊस. म्हणून तिच्यावर पारदर्शक रेझिनचे दोन हात दिले. मी पाहिलं आणि म्हणालो, "वा! काचेसारखी झाली." शाबासकी दिली मी.

म्हाताऱ्यानं अंगठा फिरवला. "टोक कुठंय?"

"आत आहे, बाबा. शंभर वर्षं हलणार नाही."

"मग शंभर वर्षं कुणी शिकणार नाही," म्हातारा म्हणाला, आणि हसलादेखील. त्याच जुलैत, इकडच्या हिवाळ्यात, तो गेला.

यंदा त्यांच्या चर्चचा नवा हॉल झाला. मधल्या खांबावर मोसेसेचीच वीण हवी, असं सगळ्यांनी ठरवलं. सेमिसीनं ती लाकडं बाकावर ठेवली, रेझिन सुटावं म्हणून गरम हवेचं यंत्र धरलं, बारीक पातं घातलं. रेझिनबरोबर काथ्या तुटून आला. दुसरीकडे घातलं, तिथंही तेच.

"बाजवाल्या, सांग ना, दोरी खालून कशी गेलीय?"

"वरचं दिसतं ते सांगतो. खालचं तुझ्या बापाला ठाऊक."

तोंडातून गेलं ते गेलं. त्यानं यंत्र बंद केलं.

हॉल उघडला त्या दिवशी मी गेलो होतो. खांबावर सेमिसीची स्वतःची साधी वीण होती. मधोमध, डोळ्यांच्या उंचीला, हातभर लाकूड उघडं.

एक बाई म्हणाली, "काम अर्धंच राहिलं वाटतं?"

"हो," सेमिसी म्हणाला.

त्याची लेक खांबाशी वाकली. "डॅड, इथं खाली दोरीचं टोक सुटलंय."

"ओढ," तो म्हणाला.

ती आमच्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं, बाप चिडलाय.