एकटीला न उचलवणारी सायकल

आई गेल्यावर चार महिने मी देवासमोर बसले नाही. इथे हिंदी मुलखात, माधवगंजातल्या आमच्या मराठी घरी रोज संध्याकाळी दत्ताची आरती व्हायची. अकरा वर्षं आम्ही दोघीच, मी आणि आई. पाय गेल्यावरही ती खाटेवरून टाळ्या वाजवायची. भाद्रपदात एका सकाळी न्हाणीघरात उठवताना ती माझ्या हातून निसटली. खुब्याचं हाड मोडलं. मी शहराच्या लष्कर भागातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढण्याचं काम करते. तिचा एक्स-रेही मीच काढला. आश्विन संपायच्या आत ती गेली. लोक म्हणाले, सुटली बिचारी. मला ते ऐकवत नसे. त्या वर्षी दत्तजयंतीलाही देवघरात दिवा लागला नाही.

शेवटच्या दिवसांत ती म्हणाली होती, "आता तू फिर. माझ्यापायी अडकलीस." कॉलेजात मी एनसीसीत होते, तंबूतली झोप मला घरच्या झोपेपेक्षा गोड लागायची, हे तिच्या लक्षात होतं. तिने ते मायेने म्हटलं, मला मात्र ते शिक्षेसारखं लागलं. तरी घरात बसवेना, तेव्हा ठरवलं की एकटीने तंबू घेऊन निघायचं. चौपन्नाव्या वर्षी डावा गुडघा साथ देत नाही, आणि स्कूटर पायवाटेवर जात नाही. म्हणून विजेवर चालणारी सायकल घ्यायची.

ती निवडण्यात माझे दोन महिने गेले. दवाखान्यातून आले की जेवण न करताच मोबाइल घेऊन बसायची. मोटर मागच्या चाकात असलेली बरी की पायडलपाशी? डांबरी रस्ता, वाळू आणि खडक तिन्हींवर कोणता टायर चालेल? बॅटरी संपली तर? पंक्चर झालं तर? एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुसरी भीती डोकं वर काढायची. आज कळतं, मी सायकल शोधतच नव्हते. पुन्हा काही हातातून निसटणार नाही, याची हमी शोधत होते. शेवटी सिटी सेंटरमधल्या दुकानातून सगळ्यांत दणकट दिसणारी घेतली. चार इंच रुंद टायर, मोठी बॅटरी, बत्तीस किलो वजन. दुकानदार म्हणाला, "मैडम, सत्तर किलोमीटर आराम से निकालेगी." मी ती एकदाही उचलून पाहिली नाही.

माघात एका सकाळी तिघऱ्याच्या रस्त्याने निघाले. मागे तंबू, पुढे पांघरूण, पाणी, डबा. जगतापवहिनी, आमच्या शेजारीण, दारात उभ्या होत्या. "कुठे, किती दिवस?" त्यांनी विचारलं. "बघते," एवढंच म्हणाले. परत यायचंच आहे असं काही मनात नव्हतं.

घाटीगावच्या बाजूला डांबर सोडलं आणि वाळू लागली. बॅटरीचे आकडे भराभर उतरू लागले. कंपनीचं सत्तर किलोमीटर सपाट रस्त्याचं, बिनओझ्याचं असतं, हे मी वाचलेलं होतं. तरी ते आपल्या बाबतीत खरं होईल असं वाटलं नव्हतं. दुपारी एका कोरड्या नाल्यात उतरले आणि मोटर थांबली. त्या टायरांवर नुसतं पायडल मारणं माझ्या गुडघ्याला झेपणारं नव्हतं. ढकलत असताना गोट्यांवर पाय सरकला, सायकल सामानासकट अंगावर आली, आणि डावा घोटा तिच्याखाली दगडात अडकला.

उचलून पाहिली, हलली नाही. मोबाइल पुढच्या पिशवीत, हाताच्या पलीकडे. तास तरी गेला असेल. हाक मारायचं सुचलंच नाही असं नाही, मारली नाही. आणि तिथे आडवी पडलेली असताना मला ती सकाळ पुन्हा दिसली, जी मी कोणालाच पुरती सांगितली नव्हती. न्हाणीघरात आई म्हणाली होती, "जगतापवहिनींना हाक मार गं, एकटीला जमणार नाही." मध्ये फक्त एक भिंत. मी म्हणाले, "राहू दे, मी उचलते." अकरा वर्षं एकटीने सगळं केलं याचा मला अभिमान होता. त्या अभिमानाने आईला पाडलं.

मग मला रडू फुटलं. वाटलं, पडून राहावं इथेच, हेच योग्य आहे. आणि त्याच क्षणी, माझ्या मनाला न विचारता, तोंडातून मोठ्याने निघालं, "दत्ता, मला उठव रे." चार महिन्यांत ते नाव ओठांवर आलं नव्हतं. एकदा निघालं आणि मग थांबेना.

वरून खडे घसरल्याचा आवाज आला. माझ्याच वयाची एक बाई काठी टेकत दरड उतरत होती, मागे दोन बकऱ्या. तिने काही न विचारता हँडल धरलं. "तुम उतै से पकरो, हम इतै से." दोघींनी जोर लावला आणि सायकल उठली. इतकी सहज उठली की मला लाज वाटली.

"आप कहाँ से आईं?" मी विचारलं.

"हम तो कब के ऊपर बैठे हते," ती म्हणाली. "समझे, सुस्ता रही हो. टेर काहे नईं लगाई?"

तिला वाटलं होतं, मी विसावा घेतेय; हाक का नाही मारलीस, असं ती विचारत होती. तिने माझा घोटा चाचपला, ओढणीचा तुकडा पाण्यात भिजवून बांधला. मग म्हणाली, "दत्ता-दत्ता कर रही थीं. घरवाले हैं तुम्हारे?"

"हाँ," मी म्हणाले, "घर के ही हैं."

तिने मान डोलावली, जणू तेवढं पुरेसं होतं. वाटेवरून जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली थांबवून मला सायकलीसकट चढवून दिलं आणि बकऱ्या वळवायला निघून गेली. नाव विचारायचं राहिलं. ती कोण होती असं लोक विचारतात. बकऱ्या राखणारी बाई होती. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि सांगायची गरजही वाटत नाही.

घोटा बरा झाल्यावर मी ती सायकल विकली आणि दुसरी घेतली. या वेळी दुकानात आधी उचलून पाहिली. लहान बॅटरी, काढून कुठेही चार्ज करता येणारी. टायर अर्ध्या रुंदीचा. मोटर बंद पडली तरी पायडलवर घरी आणणारी. पल्ला कमी आहे. मध्ये एखाद्या गावात थांबावं लागतं, चार्जिंगसाठी कोणाचं तरी दार वाजवावं लागतं. तेवढ्यासाठीच ती मला बरी वाटली.

दुःख गेलेलं नाही. एक्स-रेच्या काचेवर खुब्याची फिल्म लावली की अजून आईचंच हाड दिसतं. पण नव्या सायकलीवर पहिल्यांदा निघण्याआधी मी जगतापवहिनींकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. आईने तुमचं नाव घेतलं होतं, मी हाक मारली नाही, म्हणून ती पडली.

त्या भाजी निवडत होत्या. हातातली जुडी त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्या वेळी आमच्याकडे नळ चालू असतो गं. मला ऐकूही आलं नसतं."

ते खरं होतं की माझ्यासाठी रचलेलं, मी विचारलं नाही. शरण जाणं म्हणजे काय हे मला आयुष्यभर आरतीतून कळलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माफीसारखं जे दिलं, त्याला मी पात्र नव्हते. तरी ओंजळ पुढे केली आणि घेतलं.