सात नंबरचा हँडओव्हर

दुपारी तीन वाजून गेले की कुरुळीच्या फाट्यावर एक वास उतरतो. मशीनचं तेल, लोखंडाचा कीस आणि हात धुवायच्या पावडरीचा लिंबाचा खोटा वास, असं ते मिश्रण असतं. पहिली शिफ्ट सुटलेली माणसं तो वास अंगावर घेऊन शेअर रिक्षात शिरतात, मांडीला मांडी लावून बसतात, आणि पुढचा अर्धा तास तुम्हीही कामगार होता. मला हा वास आवडतो. माझ्या बायकोला आवडत नाही, पण तिला माझ्यातलं फारसं काहीच आवडत नाही, तेव्हा तो मुद्दा सोडू.

परवा असाच दोघांच्या मध्ये चेपून बसलो होतो. डावीकडच्यानं माझ्या पोटावरून वाकून उजवीकडच्याला विचारलं, "हँडओव्हर दिलास का भावा?"

"टाकला की ग्रुपवर."

"काय टाकलं?"

"अंगठा."

दोघंही हसले. मीही हसलो, कारण कुणी हसलं की हसायचं हा माझा जुना आजार आहे. पण तो अंगठा चाकणपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही.

हँडओव्हर हा शब्द आमच्या भागात मिसळणाच्या डब्यासारखा घरोघरी असतो. फ्लॅटचा हँडओव्हर मिळतो, म्हणजे बिल्डर नारळ आणि किल्ल्यांचा जुडगा देतो आणि आठवड्यात बाथरूमची भिंत पाझरायला लागते. माझ्या मुलीनं तळवड्यातली पहिली नोकरी सोडली, तेव्हा तीन आठवडे घरात हाच शब्द ऐकू येत होता. कोणती फाइल कुठे ठेवली आहे याचा लांबलचक तक्ता तिनं कुणाला तरी पाठवला, लॅपटॉप परत केला, घरी येऊन पावभाजी मागवली. "झाला हँडओव्हर, सुटले," म्हणाली. सरकारी कागदात याला कार्यभार हस्तांतरण म्हणतात, पण ते म्हणेपर्यंत शिफ्ट संपायची. अर्थ एवढाच, की माझ्या हातातलं आता तुझ्या हातात, आणि ते देताना त्यातलं बरंवाईट सांगून द्यायचं. यातला दुसरा भाग सगळे विसरतात. मीही विसरलो होतो. तीच गोष्ट सांगायला बसलो आहे, आणि नेहमीच्या सवयीनं अजून फाट्यावरच घुटमळतो आहे.

बावीस वर्षांपूर्वी मी एका प्रेस शॉपमध्ये होतो. पत्रा साच्यात ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून प्रेस येऊन पत्र्याला आकार द्यायचा, की हात घालून तयार तुकडा काढायचा. दिवसभर हेच. तीन वाजता दुसऱ्या शिफ्टचा माणूस यायचा आणि त्याला हँडओव्हर द्यायचा. तो मशीनसमोर उभं राहूनच द्यायचा, आणि घेणाऱ्यानं "घेतला" असं तोंडानं म्हणेपर्यंत देणाऱ्यानं जागा सोडायची नाही, असा आमच्या शॉपचा दंडक होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण देवळात चप्पल काढावी तितक्या सहज सगळे पाळायचे. त्याशिवाय एक रजिस्टर होतं. त्यात मशीनची अवस्था लिहायची. ते मात्र आम्ही सगळे जेवणाच्या सुट्टीतच, उष्टे हात धुऊन आलो की भरून टाकायचो. मशीन ओके, साचा ओके, सही. तीनला बस पकडायची घाई असते ना.

माझा हँडओव्हर म्हणजे प्रयोग असायचा, राव! मी सुपरवायझरची चाल चालून दाखवायचो, कँटीनवाल्याचा नाकातला आवाज काढायचो, सकाळपासून काय काय घडलं ते तिखटमीठ लावून सांगायचो. आजूबाजूच्या मशीनवरची माणसं दोन मिनिटं थांबून ऐकायची. माझ्याकडून सात नंबरचा प्रेस घेणारे एक भाऊ होते. कुरुळीतल्या जुन्या घरातले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. ज्या रानात त्यांनी नांगर धरला होता, तिथेच आता शेड उभी होती. "हितं आमची हिर व्हती," असं ते सात नंबरच्या मागच्या खांबाकडे बोट दाखवून सांगायचे. त्यांना हसू आलं की आधी खांदे हलायचे, आवाज मागून यायचा. त्या खांद्यांसाठी मी दिवसभर मालमसाला जमवत असे.

त्या दिवशी दोनच्या सुमाराला सात नंबर बिघडला. पेडल एकदा दाबलं की प्रेसनं एकदाच खाली यायला हवं. तो दोनदा आला. आमच्यात त्याला डबल मारणं म्हणतात. माझा हात तेव्हा योगायोगानं बाहेर होता. अर्ध्या तासानं पुन्हा तसंच झालं. मेंटेनन्सवाला दुसरीकडे अडकला होता. मी हाताऐवजी चिमट्यानं तुकडे काढायला लागलो आणि ठरवलं, तीनला भाऊंना सांगू, तेही चिमट्यानं तुकडा काढतील किंवा मशीन बंद ठेवतील. रजिस्टरमध्ये माझं "ओके" एकपासूनच वाळत पडलं होतं.

आणि तीन वाजता मी काय केलं? त्या सकाळी साहेबाची खुर्ची मोडली होती आणि साहेब फायलींसकट पडला होता. ते मी करून दाखवलं. खुर्ची झालो, साहेब झालो, धावत आलेला शिपाई झालो. भाऊंचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. "घेतला, घेतला, बास कर गड्या," असं म्हणत त्यांनी मला ढकललं. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. मी धावलो. खिडकीची जागा मिळाली, याचाही आनंद झाला.

बस तळवड्याच्या चौकात थांबली तेव्हा मला आठवलं. तेव्हा खिशात फोन नसायचे. मी खाली उतरलो, उलट्या दिशेच्या टेम्पोला हात केला. कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स बाहेर पडत होती. भाऊंच्या उजव्या हाताची चार बोटं. अंगठा तेवढा राहिला.

पंधरा-वीस दिवसांनी साहेबाच्या केबिनमध्ये चौकशी झाली. तीच खुर्ची, नवा पाय बसवलेली. मी प्रोबेशनवर होतो, मुलगी पाळण्यात होती. खरं काय ते बोलायचं म्हणून मी घरून पाठ करून आलो होतो. पण साहेबानं आधी भाऊंना विचारलं, "याने तुम्हाला मशीन डबल मारतंय हे सांगितलं होतं का?" आणि ते बँडेजातला हात मांडीवर ठेवून म्हणाले, "सांगितलं व्हतं की सायब. माजंच ध्यान नव्हतं." मी खाली मान घालून उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं तोंडात होतं, आणि तोंड बंद होतं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुजी पोर पाळण्यात हाय. माजी बोटं काय आता उगवायची न्हाईत."

पुढे त्यांना टूल रूमच्या खिडकीत अवजारं द्यायला बसवलं, तिथूनच ते रिटायर झाले. मी त्याच शॉपमध्ये पक्का झालो. गंमत अशी, की तेव्हापासून मी जास्तच बोलायला लागलो. सोसायटीच्या गणपतीत माइक माझ्याच हातात, लग्नात पंगतीला मला मधोमध बसवतात. सगळ्या गोष्टी सांगून झाल्या, ही एक सोडून.

परवा त्या रिक्षातून उतरलो, चाकणचं काम उरकलं आणि परतताना कुरुळीला भाऊंच्या घरी गेलो. वर्षातून एक-दोनदा जातोच. भाऊ पडवीत बसले होते. वहिनींनी चहा आणला. भाऊंनी डाव्या हातानं कप घेतला, बशीला उजव्याचा अंगठा लावून आधार दिला, आणि बशी निसटली. चहा धोतरावर, फरशीवर.

"सांडा, सांडा," वहिनी म्हणाल्या. "कवा ध्यान हाय ह्यांचं कशात? तवा भावजींनी घसा फोडून सांगितलं, त्ये ऐकलं असतं तर आज चार बोटं असती. मी रोज सांगते, ऐकत्यात का?"

भाऊ फरशीकडे बघत होते. "रोज" हा शब्द मी बावीस वर्षांनी गुणून पाहिला.

"वहिनी," मी म्हणालो, "मी नव्हतं सांगितलं. मशीन डबल मारत होतं, मला ठाऊक होतं. मी साहेबाच्या पडण्याची नक्कल करत बसलो आणि विसरलो. भाऊंनी मला वाचवायला खोटं सांगितलं."

एकही विनोद न घालता मी सलग इतकं बोललो, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल. वहिनींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

आणि भाऊंचे खांदे हलायला लागले. "आगं, ह्याचं काय ऐकतीस? जलमभर गोष्टीच रचतोय त्यो. आता ही नवी काढली."

वहिनींनी श्वास सोडला. "बया! मी तर खरंच समजले. भावजी, तुमी म्हंजी ना!" हसत त्या फरशी पुसायला वाकल्या.

मला रस्त्यापर्यंत सोडायला भाऊ आले. शेडच्या पत्र्यांवर उतरतं ऊन होतं. "असं का केलंत?" मी विचारलं.

"मंग काय करू? इतकी वर्सं बोलली ती मला. आता ह्या वयात तिला कळलं तर तिनं त्ये कुठं ठेवायचं?" त्यांनी अंगठ्यानं चष्मा वर सरकवला. "जा आता. रिक्षा आली बग."

रिक्षा आली, मी बसलो, घरीही पोचलो. बायकोनं विचारलं, आज गप्प का? काहीतरी थातूरमातूर सांगितलं. पण आमच्या शॉपचा दंडक मला अजून पाठ आहे. सगळं बरंवाईट सांगून झालं आहे, आणि समोरच्यानं "घेतला" म्हटलेलं नाही. तेव्हा तसं पाहिलं तर मी अजून सात नंबरसमोरच उभा आहे. माझी शिफ्ट सुटलेली नाही.