ताफा थांबला नाही

काल गुलबर्ग्याच्या रस्त्यावर एक माणूस स्कूटरसकट आडवा पडलेला दिसला. मी उभा राहून ओरडलो, पण ड्रायव्हरनं बस दामटलीच. तो माणूस खिडकीतून मागं पडत गेला आणि मला थेट औरादची बाजारवाट आठवली.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मास्तरकीच्या मुलाखतीसाठी मला बैलगाडीनं जाऊन बीदरची मोटार गाठायची होती, आणि नेमका आमच्या पुढच्या गाडीचा आस मोडला. आमच्याकडची रीत अशी, की एकाचा आस मोडला की मागच्या सगळ्यांनी बैल सोडून हात लावायचा. ऊन चढत होतं, माझा जीव तडफडत होता.

"एकासाठी साऱ्यांनी कामून खोळंबायचं, अण्णा?" मी आमच्या गाडीवानावर, इरण्णावर खेकसलो.

लढाईत तो मुंबईहून मालाच्या जहाजावर कोळसा टाकायला गेला होता. गाडीला खांदा देतच तो म्हणाला, "जर्मनाच्या पाणबुडीनं आमच्या म्होरलं जहाज फोडलं. तेलकट पाण्यात माणसं हात हलवायलती. जो थांबंल त्याला बी पाणबुडी फोडणार, म्हणून ताफ्याला थांबायचा हुकूम न्हवता. आमी त्यांच्यामधून गेलो. एक जण माझ्याकडंच बघायलता. आता बोलू नको, खांदा लाव."

मी लावला, पण दातओठ खात. मोटार चुकली, नोकरी हुकली. कित्येक वर्षं इरण्णाला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

काल आमच्या बसमागं कुठलीच पाणबुडी नव्हती. तरी ड्रायव्हर थांबला नाही, आणि ओरडून झाल्यावर मीही परत जागेवर बसलो.